ऑरलीच्या खोलीची तपासणी

पाहुणे येणार आहेत असं सांगून आमच्या लिलीला घर आवरायला लावलं, तर ती घरातली माणसंसुद्धा कपाटात घालून ठेवील. मी, बेनी झिराडकर, इतकी वर्षं हिच्याशी संसार करतोय, मला विचारा. आमचं मूळ अलिबागकडचं, लहानपण मुंबईत गेलं, आणि कॅनडात हॅमिल्टनला येऊन एवढा काळ लोटला की आता मला भारतात गेल्यावर सर्दी होते. पण लिलीच्या डोक्यातला पाहुणा काही बदलला नाही. त्याला औषधाची बाटली दिसता कामा नये, वाळत घातलेला टॉवेल दिसता कामा नये, आणि आमच्या ऑरलीला लागणारं एकही यंत्र दिसता कामा नये.

ऑरली आमची एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडून गेली. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय तिचं ऐकत नाहीत आणि जीभही ऐकत नाही. उजवी मूठ तेवढी थोडीफार ऐकते. डोकं मात्र आम्हा दोघांपेक्षा तल्लख. तिच्या व्हीलचेअरला पुढे एक स्क्रीन बसवलाय. त्यावरच्या अक्षरांकडे ती नुसती बघते, आणि ती जे बघेल ते मशीन मोठ्याने बोलतं. बोलते बहुतेक इंग्रजीत, आम्हाला चिडवायचं असलं की मराठीत. त्या मशीनचे मराठी उच्चार ऐकून लिली कपाळाला हात लावते, म्हणून तर ऑरली मुद्दाम बोलते.

तिला उचलायचं काम माझं. मी स्टीलच्या कारखान्यात छताखालची मोठी क्रेन चालवायचो. दिवसभर मशीनने लोखंड उचलायचं आणि घरी येऊन हातांनी मुलीला, असं आयुष्य गेलं, आणि मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. मग एका हिवाळ्यात तिला टबातून बाहेर काढताना माझी पाठ अशी गेली, की मी आणि ती दोघंही बाथरूमच्या फरशीवर. तिला लागलं नाही, हे नशीब. मी मात्र कितीतरी आठवडे पलंगाला खिळलो होतो.

बरा झाल्यावर आम्ही कर्ज काढून घराच्या मागे खोली वाढवली. रुंद दारं, उंबरठा नसलेली बाथरूम आणि छताला रूळ. त्या रुळावरून एक मोटर सरकते, तिला कापडी झोळी अडकवायची आणि झोळीत ऑरली. पलंगावरून थेट शॉवरखाली, कुणाच्याही पाठीला धक्का न लावता.

घर वाढलं की प्रॉपर्टी टॅक्स वाढणार, हे ओघानेच आलं. आमच्या पेन्शनमध्ये ते घर आधीच जेमतेम बसत होतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की ऑन्टारिओत एक नियम आहे. घराचा वाढवलेला भाग अपंग माणसासाठी असेल, आणि तो नसता तर त्या माणसाला एखाद्या संस्थेत राहावं लागलं असतं, तर त्या भागावर टॅक्स लागत नाही. मी तो नियम स्वतः वाचला. एकदा वाचून विश्वास बसेना म्हणून परत वाचला. सरकारबद्दल माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं, पण कुठल्यातरी ऑफिसात बसून कुणीतरी एवढा विचार केला होता की माणूस आपल्या माणसांत राहावा म्हणून जी भिंत बांधली, तिचे पैसे मागायचे नाहीत. मी चष्मा काढून पुसला. मला खरंच भरून आलं.

आम्ही अप्लाय केलं. घराचा टॅक्स ठरवणारी असेसर येऊन खोली बघेल, असं उत्तर आलं.

त्या असेसरने नाही म्हटलं असतं, तर घर विकून एखाद्या कॉन्डोत, म्हणजे मोठ्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, जाण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हतं. आणि कॉन्डोच्या छताला रूळ कोण ठोकू देणार? रूळ नाही, म्हणजे ऑरली आमच्याकडे नाही. हे मलाही कळत होतं आणि लिलीलाही, पण आम्ही ते बोलत नव्हतो. ‘नर्सिंग होम’ हा शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. एका डॉक्टरने चुकून उच्चारला, तर लिलीने त्याला पुढचा अर्धा तास सोडला नव्हता.

असेसर यायची होती त्या सकाळी माझी फिजिओथेरपी होती. ती आटपून मी वेळेत परत आलो, तर ड्राइव्हवेत एक अनोळखी गाडी. बाई लवकर आली होती. मी बूट काढून घाईघाईने मागच्या खोलीत गेलो आणि दारातच थबकलो.

ती आमची खोलीच नव्हती. पलंगावर मुंबईहून आणलेली रजई, तिच्यावर लोड आणि उशा, म्हणजे तो झाला दिवाण. शॉवरची खुर्ची गायब, कमोडची खुर्ची गायब. बाथरूमचं दार बंद, अर्थात रुळावरची मोटर आतमध्ये कोंडलेली. आणि छतावरच्या रुळाला लिलीने या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत कागदी माळा गुंडाळल्या होत्या. सुक्कोतच्या सणाला आम्ही अंगणात मांडव घालतो, त्याच्यासाठी ऑरलीच्या लहानपणापासून जपून ठेवलेल्या त्या माळा. रूळ कुठला नि सजावट कुठली, ओळखू येईना.

मला एकदम आठवलं. खोली पूर्ण झाली तेव्हा आम्ही मलिदा केला होता. आमच्या बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, मनातलं काम पार पडलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं असं ताट करतात, प्रार्थना म्हणतात आणि सगळ्यांना वाटतात. टोरांटोहून आमची मंडळी आली होती. तेव्हाही लिलीने खोली अशीच सजवली होती, आणि ‘काय छान फॅमिली रूम केलीय गं!’ हे ऐकून ती दोन दिवस खुशीत होती. आज तिने तेच केलं होतं, फक्त आज आलेली बाई पाहुणी नव्हती.

आणि ऑरली? ऑरली सोफ्यावर होती. नवा ड्रेस, केस विंचरलेले, दोन्ही बाजूंना उशांचा टेकू. व्हीलचेअर कुठे दिसेना. व्हीलचेअर नाही म्हणजे स्क्रीन नाही, आणि स्क्रीन नाही म्हणजे माझ्या मुलीच्या तोंडाला कुलूप. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला मशीनची गरजच पडली नाही.

असेसर बाईचं नाव मिस फेरेरा. नाव वाचून मी तिला गोव्याची समजलो होतो, ती निघाली पोर्तुगालची. पन्नाशीची, बारीक चणीची, हातात टॅब्लेट. ती इंग्रजीत म्हणत होती, “खोली फारच सुंदर आहे. सगळे मिळून इथेच बसता का संध्याकाळी?”

“येस, येस,” लिली म्हणाली. “टीव्ही, चहा, एव्हरीथिंग.”

“आणि तुमच्या मुलीला इथे विशेष मदत लागते का?”

“नो, नो! शी इज परफेक्टली फाइन. नो प्रॉब्लेम.”

मिस फेरेराने टॅब्लेटवर काहीतरी लिहिलं. 

“लिली,” मी मराठीत म्हणालो, “चेअर कुठाय?”

“आमच्या बेडरूममध्ये. हळू बोला ना जरा.”

“आणि बाकीचं सामान?”

“गॅरेजमध्ये. अहो, घर हॉस्पिटलसारखं दिसलं तर ती काय लिहील? म्हणेल, एवढं सगळं लागतं तर मुलीला हॉस्पिटलमध्येच ठेवा!”

“अगं बाई, ती हेच बघायला आलीय!”

माझा आवाज चढला होता. मिस फेरेरा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. लिलीचा चेहरा पडला. तिचा मला तेव्हा राग आला होता हे खरं, पण आता ते आठवलं की कीव येते. मुलीला कुणी नेऊ नये म्हणून ती पहाटेपासून राबत होती, आणि राबून राबून तिने मुलीला न्यायचा रस्ताच मोकळा केला होता.

मी मिस फेरेराला म्हणालो, “मॅडम, पाच मिनिटं द्या. तुम्ही बघताय ती खोली खरी नाही.” आणि जाऊन व्हीलचेअर ढकलत आणली.

आता सोफ्यावरून चेअरमध्ये न्यायचं, तर मला उचलता येणार नव्हतं. बाथरूमचं दार उघडावंच लागलं. लिलीने ऑरलीच्या पाठीखालून झोळी सरकवली.  मी मोटर बाहेर ओढायला गेलो, तर ऑरलीने घशातून जोरात आवाज काढला. तिचा ‘नाही’ तसाच असतो. तिची नजर मोटरच्या रिमोटवर होती.

लिलीने रिमोट तिच्या उजव्या मुठीखाली ठेवला. त्याला मोठाली बटणं चिकटवलेली मी पहिल्यांदाच बघितली.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“मार्शाने,” लिली म्हणाली. मार्शा म्हणजे रोज सकाळी ऑरलीच्या मदतीला येते ती बाई. “रोज प्रॅक्टिस करतात दोघी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली होती.”

मला कसं कळणार? तो रिमोट लिलीच्या नाहीतर मार्शाच्या हातात असतो, अशीच माझी समजूत होती. उचलायची गरज संपल्यावर तरण्या मुलीच्या अंघोळीच्या वेळी बापाचं त्या खोलीत काय काम?

ऑरलीने मूठ दाबली. आतून मोटर निघाली आणि कागदी माळा फाडत रुळावरून सरकू लागली. लाल, पिवळे, निळे तुकडे खाली पडत होते. मोटर तिच्या डोक्यावर येऊन थांबली, लिलीने झोळी अडकवली, आणि माझी मुलगी सोफ्यावरून वर उठली. कुणाचाही हात न लागता. ती वर गेली, आणखी वर गेली, तिचे पाय सुटे झाले, आणि त्या फाटक्या माळांच्या खालून ती आमच्या सगळ्यांच्या डोक्याच्या उंचीवरून निघाली. मी आयुष्यभर तिच्याकडे वाकून बघत आलो. तेव्हा मान वर करून बघितलं.

आणि मग तिने जे केलं, ते त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच कळलं नसेल. क्रेनचं खरं काम उचलण्यात नसतं, थांबण्यात असतं. क्रेन थांबली तरी खाली लटकणारा भार पुढे झुलतो. कच्चा माणूस तो झुलतानाच खाली सोडतो आणि आपटतो. मुरलेला माणूस आधीच थांबतो, भाराला पुढे झुलू देतो आणि क्रेन हलकेच पुढे नेऊन बरोबर त्याच्या डोक्यावर आणतो. मग भार असा उभा राहतो की जणू हललाच नव्हता. मला हे जमायला वर्षं लागली होती. ऑरली चेअरच्या जरा अलीकडे थांबली, झोळी पुढे झुलली, तिने मूठ किंचित दाबून मोटर पुढे घेतली, आणि झोळी जागच्या जागी शांत झाली. मग ती सावकाश चेअरमध्ये उतरली.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. रात्री जेवताना कारखान्यातल्या गप्पा मारायचो, कोण कसा चुकला, मी कसं सावरलं. लिली कंटाळून उठून जायची. ऑरली ऐकत होती. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. मला देवळात, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्येसुद्धा, असं कधी वाटलेलं नाही.

मिस फेरेराने टॅब्लेट बाजूला ठेवला होता. तिने एक स्टूल ओढलं आणि ऑरलीच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसली.

स्क्रीन लागला. ऑरलीचं पहिलं वाक्य लिलीसाठी होतं.

“मम्मी, नेव्हर अगेन.”

“सॉरी, बाळा,” लिली म्हणाली.

मिस फेरेरा म्हणाली, “मला एक प्रश्न विचारावाच लागतो. ऐकायला वाईट वाटेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही खोली नसती, तर तुम्ही कुठे राहिला असतात?” तिने तो प्रश्न ऑरलीला विचारला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऑरलीचे डोळे अक्षरांवरून फिरू लागले. तिला वेळ लागतो. पण लिलीला धीर कुठला?

“विथ अस!” ती म्हणाली. “ऑलवेज विथ अस! दुसरीकडे कुठे जाईल?”

कुठल्याही आईने दिलं असतं तेच उत्तर, आणि नेमकं तेच आमच्या मुळावर येणारं. खोली नसतानाही मुलगी घरीच राहिली असती, तर खोलीला टॅक्समाफी कशाला? मला ते कळत होतं. मी बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की माझी पाठ संपली, लिली सत्तरीला आलीय, खोली नसती तर आम्हाला मुलगी द्यावी लागली असती. पण ऑरलीच्या समोर ते वाक्य माझ्या तोंडून फुटेना. 

मशीन बोललं. “नो, मम्मी.”

आम्ही थांबलो. तिचे डोळे फिरत होते. मग मशीन त्याच्या त्या कोरड्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत बोलत गेलं. “आय वेंट टु सी अ नर्सिंग होम. पप्पाची पाठ गेली तेव्हा. मार्शा टुक मी. तुम्हाला सांगितलं, बोटॅनिकल गार्डन.”

लिली दिवाण केलेल्या पलंगावर मटकन बसली.

“दे हॅड अ रूम,” मशीन म्हणालं. “आय सेड येस.” थोडं थांबून परत, “देन यू टोल्ड मी अबाउट धिस रूम. आय कॅन्सल्ड.”

  मी ऑरलीकडे बघत होतो आणि मला तो हिवाळा आठवत होता. मी पलंगावर कण्हत पडलेलो, लिली एकीकडे मला आणि एकीकडे तिला सांभाळत दमून गेलेली. तेव्हा ही मुलगी, जिला आम्ही पाण्याचा घोटसुद्धा पाजतो, आमच्यासाठी घर सोडायचं ठरवून आली होती. कुणाशी भांडली नाही, कुणापुढे रडली नाही. संध्याकाळी आमच्याबरोबर बसून मुकाट्याने वरणभात खाल्ला होता. ती आमच्या आधाराने राहते, असंच आम्ही समजत होतो.

“मला का नाही सांगितलंस?” लिलीने विचारलं. 

“यू वुड से नो.”

लिली उठली, ऑरलीच्या चेअरजवळ गेली आणि मिस फेरेराकडे वळली. तिचं इंग्रजी मोडकं नाही, पण तेव्हा ती एकेक शब्द चाचपडत बोलली. “मॅडम, माय आन्सर वॉज राँग. विदाउट धिस रूम, माय डॉटर गोज टु नर्सिंग होम.” तिने तो शब्द उच्चारला. स्वतःच्या तोंडाने, ऑरलीच्या समोर. मग तिने ऑरलीचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली.

मिस फेरेराने रूळ बघितला, बाथरूम बघितली, मोजमापं घेतली, गॅरेजमध्ये जाऊन खुर्च्यासुद्धा बघितल्या. जाताना ऑरलीच्या मुठीला हात लावून म्हणाली, “थँक यू फॉर शोइंग मी.” निकाल मागाहून कळेल एवढंच आम्हाला सांगितलं. तिचे डोळे लाल झाले होते, ते मला दिसलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. वाढवलेल्या सगळ्या भागाला माफी. घर विकायची गरज नव्हती. मी ते वाचून दाखवलं तेव्हा लिलीने आधी एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं, मग माझा हात घट्ट धरला, आणि डोळे पुसत पोहे भिजत घालायला किचनमध्ये पळाली.

मी ऑरलीजवळ खुर्ची ओढून बसलो. एक गोष्ट त्या दिवसापासून मला छळत होती, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

“ऑरली,” मी म्हणालो, “तिथली ती खोली कशी होती गं?”

तिचे डोळे फिरले. “स्मॉल. क्लीन.”

“खिडकी होती?”

“हो. पार्किंग लॉट दिसत होता.”

मला उगाच राग आला. न घेतलेल्या खोलीवर रागावून काय उपयोग, पण आला. “पार्किंग लॉट? दिवसभर गाड्या बघत बसणार होतीस? बागेकडची खोली मागायची ना!”

“बागेकडची देत होते. आय सेड नो.”

“का?”

या वेळी तिला जास्तच वेळ लागला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाताना. मग मशीन बोललं.

“तुमची गाडी येताना दिसली असती.”